ओल आणि रंग

भाड्याचे घर बघायला गेल्यावर आपण काय बघतो? खरे सांगायचे तर फारसे काही बघतच नाही. मुंबई-पुण्यात ‘नाव काय?’ या प्रश्नानंतर चार-पाच दारे बंद झालेली असतात. मग मुंब्र्यात किंवा कोंढव्यात कुणी फ्लॅट दाखवला की घर मिळते आहे हीच मेहेरबानी वाटते. नळ सोडून बघणे, फ्लश चालवणे, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर तळहात ठेवणे, विजेच्या मीटरचा आकडा लिहून घेणे, मागच्या बिलाची थकबाकी विचारणे, सारे राहून जाते. दारात एजंट किल्ली घेऊन उभा असतो, दुसरी पार्टी येते आहे म्हणतो. आपण खिडकीतून बाहेर डोकावतो आणि टोकन देऊन मोकळे होतो.

जुलैत नव्या रंगाचे पोपडे सुटतात, खालचा काळा डाग वर येतो. मालक म्हणतो, ‘तुम्ही बघूनच घेतले होते ना?’ तो खोटे बोललेला नाही. त्याला कुणी विचारलेच नव्हते. पण न सांगणे म्हणजे फसवणेच का, हा प्रश्न उरतो.

कायद्याचे उत्तर अर्धेमुर्धे आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ म्हणते की, मालकाला ठाऊक असलेला आणि भाडेकरूला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष मालकाने सांगितलाच पाहिजे. पण आपण करतो तो अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार. तिथे त्याच वर्षीचा सुविधाधिकार कायदा येतो आणि त्याचे कलम ५७ फक्त जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक ठरेल असाच दोष सांगायला लावते. भिंतीची ओल त्यात बसते की नाही यावर वकील वाद घालत बसतील. (तोवर अकरा महिने संपतात.)

आपली परंपरा याहून कडक आहे. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे. प्रेषित मुहंमद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली. पाऊस पडला, असे व्यापाऱ्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. धान्य भिजले हा त्या व्यापाऱ्याचा गुन्हा नव्हता. गच्ची गळते हाही मालकाचा गुन्हा नसेल. पण कोरडे वर ठेवणे आणि जूनच्या तोंडावर रंगाचा हात फिरवणे, ही दोन्ही माणसाने विचार करून केलेली कामे आहेत. फिकहमध्येही भाड्याच्या वस्तूत वापराला बाधा आणणारा ऐब निघाला तर भाडेकरूला करार मोडता येतो.

आणि इथे आम्हाला अडचणीचे बोलावे लागते. ही रंगरंगोटी करणारा मालक बहुतेक वेळा आपलाच असतो. बाहेरच्यांनी आपल्याला घर नाकारले की आपण त्यावर लेख लिहितो, परिसंवाद घेतो, आणि ते योग्यच आहे. पण भाडेकरूला दुसरीकडे जागा नाही हे ओळखून गळके घर चढ्या भाड्याने देणारा मालक त्याच नकारावर कमावत असतो. तो जुम्म्याला आपल्याच सफेत उभा असतो, म्हणून त्याला कुणी काही म्हणत नाही. भाडेकरूही सारेच साधे नसतात. चार माणसे सांगून नऊ राहणारे आहेत, तेही लपवणेच. तरी डिपॉझिट ज्याच्या हातात, त्याची जबाबदारी मोठी.

घराची खरी माहिती आणखी एकाकडे असते. जुना भाडेकरू. नवी मंडळी बघायला येतात तेव्हा तो सामान बांधत असतो. कुठल्या भिंतीला ओल येते, टाकीचे पाणी किती पुरते, त्याला सारे ठाऊक. बाई हळूच विचारतात, ‘भाईजान, घर कैसा है?’ मालक बाजूलाच उभा असतो आणि डिपॉझिट अजून परत मिळालेले नसते. तो म्हणतो, ‘अच्छा है.’