पुसलेला अंगठा

डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकर्तीचे एक कृष्णधवल चित्र पुष्कळांच्या पाहण्यात आले असेल. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाण्याच्या शेंगा तोडावयास आलेल्या मजुरांच्या तळावर ते घेतलेले आहे. थंडीने पीक गेले होते, हाताला काम नव्हते. चित्रातली ३२ वर्षांची माता गालापाशी हात नेऊन दूर कोठे तरी पाहते आहे. दोन मुलांनी आपल्याकडे पाठ फिरवून तिच्या खांद्यांवर माना टाकल्या आहेत. मांडीवर तान्हे मूल आहे. रंग असते तर आपण चिंध्यांचे रंग पाहत बसलो असतो. येथे कपाळावरची आठी आणि बाहीची विरलेली कड एकाच सुताची वाटते.

हे सुंदर आहे, यात शंका नाही. प्रश्न असा की, त्या सौंदर्याचा आस्वाद घेण्याचा आपणांस अधिकार काय?

चित्रे वर्तमानपत्रात येताच २०,००० पौंड अन्न त्या तळाकडे रवाना झाले. परंतु ही माता तोवर मुलांसह पुढे निघून गेली होती. सरकारी कामावर असूनही लँगबाईंनी तिचे नाव विचारले नव्हते. (आम्हां कारकुनांकडे नावावाचून आलेला अर्ज परत जातो, हे चित्र मात्र जगभर गेले.) फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव १९७८ साली उजेडात आले. चित्र घेतले नसते तर बरे झाले असते, त्यातून आपणांस एक पैही मिळाली नाही, असे तिचे म्हणणे होते. लँगबाईंनाही पगारापलीकडे काही मिळाले नाही, हेही सांगितले पाहिजे.

करुण रसाच्या आस्वादासाठी आपल्या काव्यशास्त्राने साधारणीकरण सांगितले आहे. रंगभूमीवरची सीता ही कोणा एकाची कन्या उरत नाही, म्हणून तिचे दुःख आपणांस रसरूप होते. पण तेथे सीता नटी वठवीत असते. निपोमोच्या राहुटीत नटी नव्हती. एका जिवंत बाईला ‘स्थलांतरित माता’ करून टाकले, की आपले डोळे पाणावतात आणि तिची भूक तिच्यापाशीच राहते.

मूळ निगेटिव्हमध्ये खाली उजवीकडे राहुटीचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा होता. रचनेत तो खटकतो म्हणून लँगबाईंनी १९३९ च्या सुमारास तो पुसून घेतला. कलेच्या दृष्टीने त्यांचे बरोबरही असेल. मला मात्र वाटते, त्या चित्रात निव्वळ तिचे असे काही असेल तर तो अंगठाच होता. नीट न्याहाळले तर त्याची पुसट छाया अजून दिसते. हल्ली ते चित्र हाती आले की मी आधी तो कोपरा पाहतो, चेहरा मागाहून.