संख्या कशाला म्हणायचं?

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत अवतरणचिन्हांतल्या बारात तीन मिळवले, तरी उत्तर पंधराच येतं. समोर अक्षरं आहेत की आकडा, याची चौकशी ती भाषा करत नाही. लॅरी वॉल यांनी १९८७ साली ती आणली ती मुख्यतः मजकूर चाळायला आणि अहवाल काढायला. तिथे हा मोकळेपणा सोयीचाच होता. पुढे त्याच भाषेत ऑब्जेक्टांवर बेतलेले मोठमोठे प्रोग्राम उभे राहिले आणि वयाच्या रकान्यात पत्ता येऊन बसू लागला. २००६ साली आलेल्या ‘मूस’ या लायब्ररीने रकान्याला टाइपची अट लावायची सोय दिली. नंतरच्या ‘टाइप टायनी’ या लायब्ररीच्या अटी मूसखेरीज तिच्यासारख्याच ‘मू’ आणि ‘माउस’सोबतही चालतात.

अशी लायब्ररी लिहिण्यापेक्षा सांभाळणं अवघड. मूसची ‘नम’ ही संख्येची अट आधी पर्ल ज्याला संख्या मानेल ते सगळं स्वीकारायची: अनंत, मागेपुढे रिकामी जागा असलेला आकडा, इतकंच काय, ‘ही संख्या नव्हे’ असं सांगणारं ‘नॅन’सुद्धा! २.१० व्हर्जनपासून ती कडक झाली; जुनी ढिलाई हवी असणाऱ्यांना ‘लॅक्सनम’ हे वेगळं मॉड्यूल मिळालं. तर्काला धरूनच झालं हे. पण त्या ढिलाईवर विसंबलेला एखादा प्रोग्राम, त्यातली एक ओळही न बदलता, अपग्रेडनंतर मोडू शकतो. टाइप टायनीने ‘नम’ ढिलीच ठेवली आणि कडक अटीला ‘स्ट्रिक्टनम’ हे स्वतंत्र नाव दिलं. मला ही रीत पटते. व्याख्या सदोष असली, तरी एकदा लोकांच्या वापरात रुजली की ती एकट्या मेन्टेनरची राहत नाही. मात्र एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून ‘नम’ कडक करता येते, ही तिथली सोय खटकते. एकच कोड दोन यंत्रांवर दोन निकाल देऊ लागला, तर दोष शोधायचा कुठे?

मराठी वाचकाला जवळचा एक मासला सांगतो. पर्लच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं अंक ओळखणारं चिन्ह युनिकोड मजकुरातल्या देवनागरी अंकांनाही अंक मानतं. बेरीज करताना मात्र तीच भाषा देवनागरीतल्या ‘१२’ला शून्य धरते. म्हणजे घाईत, हाताने लिहिलेली अट मराठी फॉर्ममधलं वय बिनदिक्कत आत घेईल आणि पुढचा हिशेब त्या माणसाला तान्हं बाळ ठरवील. या लायब्रऱ्यांतली ‘इंट’ ही पूर्णांकाची अट देवनागरी अंक सरळ नाकारते. आपल्याला ते झोंबेल, पण नाकारलेलंच बरं. चूक निदान तिथल्या तिथे दिसते. देवनागरी अंक हवेच असतील, तर ते बदलून घेणारं कोअर्शन वेगळं लिहिता येतं.

२०२३च्या पर्ल ५.३८ने क्लास थेट भाषेत आणले, तेही प्रायोगिक म्हणून. त्यांच्या फील्डना टाइपची अट लावायची सोय त्यात नाही. ते काम सीपॅन या पर्लच्या मॉड्यूल-भांडारातल्या लायब्रऱ्यांकडेच राहिलं.