रोजचा टप्पा

वडाळे तलावाभोवती रोज पहाटे फिरायचे, असे आपण ठरवतो. आठवडाभर जातो, मग एक दिवस चुकतो आणि संकल्पच सुटतो. उत्साह आटला, असे आपण म्हणतो.

आपल्याच रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे भूदानासाठी १९५१ पासून सुमारे १३ वर्षे देशभर पायी चालले. ५ कोटी एकरांचे ध्येय गाठता आले नाही. मिळालेली पुष्कळ जमीन वाटलीही गेली नाही. तरी लाखो एकर भूमिहीनांच्या हाती आले.

उत्साह रोज येत नाही, फळही आपल्या हाती नसते. आजचा टप्पा मात्र आपल्या हाती असतो. बंधू-भगिनींनो, काल चुकले असेल, तर उद्या पहाटे पुन्हा निघू या.