भस्माचे पुन्हा शेण होत नाही



मठात विभूतीसाठी गोवऱ्या जाळल्या जात होत्या. पाठशाळेतील एका मुलाने विचारले, "अप्पाजी, या भस्माचे पुन्हा शेण होईल का?" प्रश्न लहान, पण तो आमच्या मनात घर करून राहिला.

बर्फ ० अंशाला वितळतो, पाणी १०० अंशाला उकळते. स्थायू, द्रव, वायू अशा तीन अवस्था झाल्या, तरी पाण्याचा रेणू तोच राहिला. वाफेवर थंड झाकण धरा, पुन्हा थेंब जमतात. याला शास्त्र भौतिक बदल म्हणते. गोवरी जळते तेव्हा निराळे घडते. तिच्यातील कार्बन प्राणवायूशी संयोग पावून वायुरूपाने निघून जातो, मागे खनिजांची राख उरते. ती पुन्हा पेटत नाही. हा रासायनिक बदल. येथे वस्तूचा गुणधर्मच पालटतो.

प्रवचन ऐकताना डोळे पाणावतात, ते आपले वितळणे. उंबरठा ओलांडला की मन पुन्हा गोठते. दुसऱ्याचे कशाला सांगावे? काही वर्षांपूर्वी दासोहाच्या पंगतीतून एका माणसाला, त्याची जात कळल्यावर, कोणी उठवले. आम्ही पाहिले आणि गप्प राहिलो. त्या वेळी आमच्या कपाळावर तीन बोटे भस्म होते. गोवरी जळाली होती, आम्ही मात्र जळालो नव्हतो.

१२व्या शतकात कल्याणात हरळय्या आणि मधुवरस या शरणांनी जात मोडून सोयरीक केली. परंपरा सांगते, त्यांनी प्राण दिले, पण जोडलेले नाते तोडले नाही. ते पुन्हा मागच्या रूपात गेले नाहीत. त्यांचे भस्म झाले होते.

मग आपण निराश व्हावे काय? नाही. ओली गोवरी लगेच पेटत नाही, नुसता धूर होतो. आधी तिच्यातील पाण्याची वाफ व्हावी लागते. १०० अंशाच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते, आणि त्या काळात तापमापकातील पारा जागचा हलत नाही. पण उष्णता वाया जात नसते. साधनेचेही असेच आहे. पारा हलत नाही म्हणून चूल विझवू नका.

उद्या विभूती धारण करताना एवढेच स्वतःला विचारा: माझ्यातले काय असे जळाले, जे परत येणार नाही?

शरणु शरणार्थी.