आज्जींचे पंधराशे

कबनूरला आमच्या गल्लीत एक आज्जी आहेत. वय ८७, गुडघे पार गेलेले. मुलगा इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करतो, सून कांड्या भरायला जाते. आज्जींना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. मागच्या वर्षापर्यंत एका बँकेचा माणूस महिन्यातून एकदा अंगठ्याचं मशीन घेऊन गल्लीत यायचा. आज्जी सोप्यात बसून अंगठा लावायच्या, नोटा दोनदा मोजायच्या आणि कनवटीला खोचायच्या.

आता तो येत नाही. गल्लीत पैसे घेणारे चार-पाच म्हातारे, तेवढ्यासाठी माणूस पाठवणं परवडत नाही, असं कारण कानावर आलं. पैसे बंद झालेले नाहीत. डिसेंबर २०२४ पासून तर ते आधारला जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात. मुलगा एटीएममधून काढून आणतो. मग तोटा काय झाला?

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आज्जींना मी हेच समजावत होतो. त्या म्हणाल्या, "पैसं येत्यात रं बाळा. पण माझंच पैसं मला मागायला लागत्यात."

मुलगा वाईट नाही. मागितले की देतो. फक्त "कशाला?" असं विचारतो. बँकेच्या माणसाने तो प्रश्न कधी विचारला नव्हता.

घरपोच सोय ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी असते, असं आपण धरून चालतो. बाकीच्यांना उत्तर तयार: घरचे आहेत की! आई-वडिलांना सांभाळणं ही मुलांची जबाबदारी, असं २००७ चा कायदाही सांगतो. राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये म्हातारपणी सरकारने मदत करावी असं आहे, पण आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. आपण या दोन्हींचा क्रम लावून टाकलाय, आधी घर, मग सरकार. आज्जींचं मात्र उलटं झालं होतं. महिन्यातून एकदा येणाऱ्या परक्या माणसामुळे त्यांना घरच्यांपुढे हात पसरावा लागत नव्हता.

हे लिहिताना मला थोडी लाज वाटते. मी सॉफ्टवेअर बनवतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमने एका ॲपमधली 'फोन करा, फॉर्म आम्ही भरून देऊ' ही सोय काढून टाकली. वापरणारे फार थोडे होते. त्याची स्लाइड मीच केली होती. थोडे म्हणजे नेमके कोण, हे आलेखात दिसत नव्हतं. मीही शोधायला गेलो नाही.

त्यामुळे 'परवडत नाही' हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पेट्रोल लागतं, माणसाचा अर्धा दिवस जातो. ७० वर्षांवरच्यांना साध्या बँक सेवा घरी द्या, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय, पण सांगणं आणि कुणीतरी गाडीला किक मारून निघणं यात अंतर आहे. शिवाय घरी येणारा प्रत्येक जण सरळ असतोच असं नाही. एकदा अंगठा घ्यायचा, 'लागला नाही' म्हणून परत घ्यायचा, हे प्रकार ऐकून आहे.

पण २०२४ च्या लोकसभेला याच सोप्यात मतदान झालं. ८५ वर्षांवरच्यांना घरून मत द्यायची सोय होती. अधिकारी आले, पोलीस आला, शूटिंग करणारा आला, पुठ्ठ्याचा आडोसा लावला. एका मतासाठी! या मताला किती खर्च आला, असं गल्लीत कुणी विचारलं नाही. २०२१ मध्ये घरोघरी लस देणं शक्य नाही असं केंद्र सरकार मुंबई उच्च न्यायालयात सांगत होतं. जुलैअखेर मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस द्यायला सुरुवात झालीच.

आज्जींचं मत मुलाने टाकून चाललं नसतं. त्यांची लस सुनेने घेऊन उपयोग नव्हता. म्हणून तिथे माणूस दारात येतो. पैसे मात्र कुणीही आणून दिले तरी तेच, असं आपण ठरवलंय. नोट तीच असते, हे खरं. पण त्या नोटेची तपकीर आणायची की नातवाला द्यायची, हे आता आज्जी एकट्या ठरवत नाहीत.

भाऊबीज झाल्यावर मी त्यांना रिक्षाने बँकेत नेलं. तीन पायऱ्या चढायला बराच वेळ लागला. अंगठा तिसऱ्या वेळी लागला. कॅशियरने नोटा मोजल्या आणि माझ्यापुढे सरकवल्या. "सांभाळून ठेवा त्यांचे," म्हणाला.

मी त्या आज्जींच्या हातात दिल्या. मागे रांग होती. आज्जींनी तिथेच उभं राहून दोनदा मोजल्या.