फेरफार नसलेली वंशावळ

१८२८ सालच्या नोव्हेंबरात न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीत शिरगणती झाली. सुमारे ३६ हजार माणसांची नावे लिहिली गेली. नावापुढे वय, धर्म, धंदा. कोणत्या जहाजातून आणि कोणत्या वर्षी आला. कैदी आहे, शिक्षा संपवून मोकळा झालेला आहे, स्वखुशीने आलेला आहे की इथलाच जन्म आहे. जमीन किती, त्यातली लागवडीखाली किती. घोडे, गुरे, मेंढ्या किती. ऑस्ट्रेलियात आपल्या घराण्याचा मूळ पुरुष शोधणाऱ्याला इतका उपयोगी दस्तऐवज क्वचितच हाती लागतो. मात्र त्या भूमीवर हजारो वर्षे राहत आलेल्या आदिवासींना त्यात जागा नव्हती. मेंढ्या मोजल्या गेल्या, ही माणसे मोजली गेली नाहीत.

वसाहतकाळात येऊन स्थायिक झालेल्या पूर्वजाचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाला हा कागद एक प्रश्न विचारतो. पूर्वज सापडणे म्हणजे घराण्याचा इतिहास सापडणे, असे म्हणता येईल का? माझ्या मते नाही. पूर्वजाच्या नावावर जी जमीन लागली तिचाही माग काढल्याखेरीज असा कुलवृत्तान्त पुरा होत नाही. माणसाची वंशावळ लावायची आणि जमिनीची सोडून द्यायची, हा अर्धा इतिहास आहे आणि सोयीचा अर्धा आहे.

शोधणाऱ्याला कागदांची कमतरता नसते. १७८८ ते १८६८ या ८० वर्षांत ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे १ लाख ६० हजार कैदी ऑस्ट्रेलियात पाठवले गेले. सरकारला त्यांच्यावर नजर ठेवायची होती, म्हणून प्रत्येकाची बारीक नोंद झाली. जहाजांच्या कैदी-याद्यांमध्ये उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण आणि गोंदण, मूळ गाव, गुन्हा, लिहिता-वाचता येते की नाही, हे सारे सापडते. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील खटल्यांचे १६७४ पासूनचे छापील वृत्तान्त आता संगणकावर वाचता येतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संग्रहात जुनी वर्तमानपत्रे शब्द घालून शोधता येतात. त्या काळातल्या इंग्लंडमधल्या शेतमजुराविषयी जेवढे कळत नाही, तेवढे तिथून हद्दपार झालेल्या चोराविषयी कळते.

या माहितीकडे पाहण्याची दृष्टी मात्र बदलत गेली. पिढ्यानपिढ्या कैदी पूर्वज हा घराण्याला लागलेला डाग मानला जाई. आजोबा कसे आले हे मुलांना सांगितले जात नसे. काही घरांत ‘स्वखुशीने आले’ अशी दुरुस्त आवृत्ती चालत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारे फिरले. १७८८ च्या पहिल्या ताफ्यातून आलेल्यांच्या वंशजांची संघटना १९६८ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या सभासदत्वासाठी वंश सिद्ध करावा लागतो. ज्याची लाज वाटत होती त्याचा अभिमान वाटू लागला. भाकरीसाठी चोरी केली, साम्राज्याने सात समुद्रापार फेकून दिले, तिथे घाम गाळून शेत उभे केले: ही कथा ऐकायला कोणाला आवडणार नाही? तिच्यात खोटे काही नाही. पण तिच्यातला नायक आधीच पीडित असल्यामुळे त्याच्या हातून दुसऱ्या कोणाची पीडा घडली असेल, हा प्रश्न सुचतच नाही.

केट ग्रेनव्हिल या कादंबरीकर्तीला तो सुचला. तिच्या आईकडचा पूर्वज सॉलोमन वाइजमन हा टेम्स नदीवरचा नावाडी. १८०५ मध्ये लाकूड चोरल्याबद्दल ओल्ड बेलीत त्याला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे हद्दपारीत बदलली आणि १८०६ मध्ये तो बायको-मुलासह सिडनीला पोहोचला. नंतर हॉक्सबरी नदीकाठी त्याने जमीन घेतली, नदीपार नेणारी होडी चालवली, पैसा केला; ‘वाइजमन्स फेरी’ हे गाव आजही त्याच्या नावाने आहे. घरात सांगितली जाणारी गोष्ट इथे सुफळ संपूर्ण होत असे. मे २००० मध्ये सिडनीच्या बंदर-पुलावरून आदिवासींशी समेटासाठी निघालेल्या प्रचंड पदयात्रेत चालताना ग्रेनव्हिलच्या मनात आले की वाइजमन त्या काठावर उतरला तेव्हा तिथे कोण होते?

उत्तराचा काही भाग इतिहासात आहे. हॉक्सबरीच्या गाळपेर जमिनीत दारुग आणि दारकिन्युंग लोकांची कंदमुळे पिकत. १७९४ पासून गोऱ्यांनी नेमकी तीच जमीन नांगरून मका लावला. अन्न गेले, नदीकडे जाणारी वाट गेली आणि मग दोन्ही बाजूंनी रक्त सांडले. वाइजमन स्वतः या संघर्षात कुठे होता, याविषयी ग्रेनव्हिलला कागद मिळाला नाही. म्हणून तिने २००५ मध्ये ‘द सीक्रेट रिव्हर’ ही कादंबरी लिहिली. इतिहासकारांनी आक्षेप घेतला की आजच्या मनाने कल्पिलेली गोष्ट इतिहासाच्या जागी ठेवता येत नाही. आक्षेप रास्त आहे. पण कादंबरीकडे वळावे लागले याचे कारणही पाहायला हवे. वाइजमनच्या प्रत्येक जहाजप्रवासाची नोंद ठेवणाऱ्या राज्याने त्याच्या शेजाऱ्यांची नोंद ठेवली नव्हती.

कवयित्री ज्युडिथ राइट हिचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते, कारण तिने आपल्याच घराण्याचा इतिहास दोनदा लिहिला. तिचे वाडवडील १८२०च्या दशकात हंटर नदीच्या खोऱ्यात आले आणि पुढे मेंढ्या-गुरांसह उत्तरेला क्वीन्सलँडपर्यंत सरकत गेले. आजोबांच्या रोजनिश्या आणि आजीच्या आठवणी यांवरून तिने १९५९ मध्ये ‘द जनरेशन्स ऑफ मेन’ लिहिले. दुष्काळ, कर्ज, गुरांचे रोग यांच्याशी झुंजणाऱ्या माणसांची ती जिव्हाळ्याची कहाणी आहे. आदिवासी तिच्यात येतात, पण कडेकडेने. पुढच्या वीस वर्षांत तिची आदिवासी कवयित्री ऊजरू नूनुकल हिच्याशी मैत्री झाली आणि आदिवासींशी सरकारने करार करावा या मागणीसाठी ती काम करू लागली. १९८१ मध्ये तिने ‘द क्राय फॉर द डेड’ लिहिले. घराणे तेच, प्रदेशही तोच. या वेळी तिने सरकारी कागद आणि जुनी वर्तमानपत्रेही चाळली आणि जमीन कशी हातात आली ते मांडले. १८५७ मध्ये डॉसन नदीकाठच्या हॉर्नेट बँक इथे आदिवासींनी ११ गोऱ्यांना मारले. त्याच्या कित्येक पट आदिवासी सूड म्हणून टिपले गेले. आजोबांच्या कष्टांना दुसऱ्या पुस्तकाने खोटे ठरवलेले नाही. ते कष्ट कोणत्या जमिनीवर झाले, एवढेच त्याने सांगितले आहे.

पत्रकार डेव्हिड मार याच्या वाट्याला याहून कठीण गोष्ट आली. एका वृद्ध नातलगाने आपल्या आजीविषयी काही शोधून दे म्हणून सांगितले आणि शोधता शोधता तिच्या वडिलांचे, रेज उर यांचे, गणवेशातले छायाचित्र समोर आले. गणवेश ‘नेटिव्ह पोलीस’चा होता. १८४८ मध्ये उभारलेल्या या दलाचे अधिकारी गोरे असत आणि शिपाई दूरच्या प्रदेशातून आणलेले आदिवासी. मेंढपाळांच्या वाटेतून स्थानिक टोळ्यांना हटवणे हे त्याचे काम, आणि हटवणे म्हणजे बहुधा गोळ्या घालणे. मार याने २०२३ मध्ये ‘किलिंग फॉर कंट्री’ या पुस्तकात आपल्या घराण्याचा हा धंदा नावानिशी मांडला.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा असतो की तो काळ वेगळा होता, आजच्या नीतीने कालच्या माणसांना मोजू नये. न्यू साउथ वेल्समधल्या मायल क्रीकचा खटला या युक्तिवादाला उत्तर देतो. १० जून १८३८ रोजी तिथे किमान २८ आदिवासींची, बहुतेक बायका, मुले आणि म्हातारे यांची, कत्तल झाली. त्याच वर्षी, त्याच काळाच्या कायद्याने, सिडनीच्या न्यायालयाने सात जणांना फाशी दिली. खून हा खून आहे हे १८३८ मध्ये माहीत होते. फाशी गेलेले सगळे कैदी किंवा माजी कैदी होते. त्यांचा म्होरक्या मात्र जमीनदाराचा मुलगा, तो निसटला आणि त्याच्यावर कधीच खटला चालला नाही. म्हणजे ‘कैदी हेही पीडितच’ हे म्हणणे इथेही खरे ठरते, आणि तरीही त्याने मारेकऱ्यांची सुटका होत नाही.

कागद कोणाच्या बाजूने बोलतो याचा निकाल पुढे न्यायालयांतही लागला. ऑस्ट्रेलियातल्या माबो खटल्याच्या ३ जून १९९२ च्या निकालाने ‘ही भूमी कोणाचीच नव्हती’ हा जुना सिद्धान्त मोडला. या खटल्यात मेर बेटावरच्या कुटुंबांना आपली वंशावळ साक्षीपुराव्यानिशी सिद्ध करावी लागली होती. त्यानंतर मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा लोकांनी दावा लावला. १९९८ मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळताना त्यांच्या वृद्धांच्या तोंडी साक्षीपेक्षा एडवर्ड कर या मेंढपाळ जमीनदाराच्या १८८३ मध्ये छापलेल्या आठवणींना अधिक वजन दिले. ज्याने त्यांच्या भूमीवर १८४०च्या दशकात मेंढ्या चारल्या, त्याचेच पुस्तक त्यांच्या नातवंडांविरुद्ध पुरावा ठरले. गोऱ्या वंशजासाठी वंशावळ हा निवृत्तीनंतरचा छंद असतो. आदिवासीला तिच्या जोरावर जमीन मागावी लागते. शिवाय लहानपणीच आईबापांपासून तोडून संस्थांत टाकलेल्या आदिवासी मुलांना आपली वंशावळ कुठून आणायची, हा प्रश्न आहेच.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. १८५२ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात इनाम कमिशनने सनदा आणि वंशावळी मागितल्या. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांची इनामे गेली. २००६ च्या वनहक्क कायद्यात बिगर-आदिवासी वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. आणि आपले घराण्यांचे कुलवृत्तान्त उघडले तर गाव इनाम मिळाल्याचे वर्ष सापडते. त्या गावात तेव्हा कोण राबत होते ते सापडत नाही.

पापाचा वारसा नातवाकडे जातो असे माझे म्हणणे नाही. मालमत्तेचा मात्र जातो. सातबाऱ्यावर प्रत्येक हस्तांतराची फेरफार नोंद असावी लागते. ऑस्ट्रेलियातल्या जमिनींच्या दस्तऐवजांत ब्रिटिश राजाने दिलेली सनद हीच पहिली नोंद आहे आणि त्याआधीचा फेरफार कोणी घातलेलाच नाही. घराण्याचा इतिहास लिहिणारा तो घालू शकतो. पूर्वजाला जमीन मिळालेले वर्ष आणि ठिकाण त्याच्या हाती असते. त्या ठिकाणी कोणते लोक राहत होते, त्या वर्षांच्या आसपास तिथे काय घडले, हे शोधायला आज साधने आहेत. न्यूकॅसल विद्यापीठाने २०१७ पासून वसाहतीच्या सरहद्दीवरच्या कत्तलींचा पुराव्यांसह नकाशाच उपलब्ध केला आहे. मायल क्रीक इथे २००० साली स्मारक उभे राहिले तेव्हा मारेकऱ्यांचे काही वंशज आणि वाचलेल्यांचे वंशज समोरासमोर आले. ते येऊ शकले, कारण कोणीतरी आपल्या वंशावळीतले ते पान फाडून टाकले नव्हते.

सिडनी-मेलबर्नमध्ये आज हजारो मराठी कुटुंबे घरे घेत आहेत. त्यांचेही कुलवृत्तान्त एक दिवस लिहिले जातील, आणि त्यात आपले घराणे तिथे कधी आणि कसे आले हे अभिमानाने नोंदले जाईल. तेव्हा लिहिणाऱ्याने एक ओळ अधिक लिहावी: हे घर ज्या भूमीवर आहे ती आधी कोणाची होती आणि त्यांच्या हातून ती कशी गेली. ही ओळ ज्यात नाही त्याला वंशावळ म्हणता येईल, इतिहास म्हणता येणार नाही.