दिवेलागणीचा दंडक

गेल्या पिढीतील पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांत, कन्या महाविद्यालयात जाऊन शेक्सपिअर शिकत असली तरी दिवेलागणीपूर्वी तिने उंबरठ्याच्या आत आलेच पाहिजे, असा जो दंडक असे, त्याच्या समर्थनार्थ वडील मंडळी मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातील तिसऱ्या श्लोकाची सनद पुढे करीत. कुमारवयात पित्याने स्त्रीचे रक्षण करावे, हा त्याचा आशय संस्कृताचा गंध नसलेल्या कारकुनालाही ठाऊक असे.

वस्तुतः दंडक सनदेइतका प्राचीन नव्हता. हुजूरपागेची शाळा १८८४ ची, मुलीच्या विवाहाला चौदा वर्षांची मर्यादा घालणारा शारदा कायदा १९२९ चा. तोवर परकर नेसण्याच्या वयातच जिची पाठवणी होई, तिच्या घरी परतण्याच्या वेळेची तजवीज बापाला करावी लागत नसे. उपवर, सुशिक्षित आणि अविवाहित कन्या घरात वर्षानुवर्षे वावरते, ही अवस्थाच अपूर्व होती, आणि पूर्वाचाराचा आधार न सापडलेल्या बापाने आपल्या भयाला धर्माचे नाव दिले. ते भय अगदीच निराधार होते, असे मी म्हणणार नाही. परंतु मंगळागौरीचे जागरण किंवा देवळातले कीर्तन असले म्हणजे हीच रात्र निर्दोष ठरे, यावरून आक्षेप काळोखाला नसून मुलीने स्वेच्छेने कोठे जाण्याला होता, हे उघड होते. राखायची होती ती बहुधा घराण्याची इभ्रत. मुलीचे शील हे तिचे तारण.

गंमत अशी की, तिसऱ्या श्लोकावर थांबलेल्या या मंडळींनी आणखी चार ओळी वाचल्या असत्या, तर दहाव्या श्लोकात बळजबरीने स्त्रीचे रक्षण कोणालाही शक्य नाही, आणि बाराव्यात, विश्वासू पुरुषांनी घरात कोंडलेल्या स्त्रिया अरक्षितच असून ज्या स्वतःचे रक्षण स्वतः करतात त्याच सुरक्षित, असा निर्वाळा त्यांना मिळाला असता. मनूला स्वातंत्र्याचा कैवारी ठरवण्याचा माझा हेतू नाही. अकराव्या श्लोकात तो तिला जमाखर्च, स्वच्छता आणि स्वयंपाक यांत गुंतवूनच ठेवतो. तथापि शील हे आतून उपजते, पहाऱ्याने नव्हे, एवढे तरी त्याला मान्य करावे लागले. त्याच घरातला मुलगा संगीत नाटक पाहून मध्यरात्री परतला, तर त्याचे ताट झाकून ठेवलेले असे, आणि त्याच्या संयमाची कैफियत कोणत्या श्लोकाखाली मागावी, हा प्रश्न कोणा शास्त्रनिष्ठ बापाला पडल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.